हिरव्या रंगाचं वजन

सोलापूरच्या भवानी पेठेत सिद्धेश्वरीअक्काशी वाकड्यात जाऊ नये, हे नव्यानं राहायला आलेल्या भाडेकरूलाही पहिल्या आठवड्यात कोणीतरी सांगतंच. बाई वाईट नाही. दारात आलेल्याला ताक पाजल्याशिवाय जाऊ देणार नाही, शेजारीण आजारी पडली तर तिच्या चुलीपुढं बसून भाकऱ्या थापून येईल. पण तिला कोणी एकदा दुखावलं की संपलं. इतरांचा राग दुधासारखा असतो, उतू जातो आणि निवतो. अक्काचा लोणच्यासारखा, जितका जुना तितका मुरलेला. नागीण डूख धरते म्हणतात ते खरं की खोटं देव जाणे, अक्का धरते हे पेठेनं डोळ्यांनी पाहिलं आहे.

तिचा बाप चादरींचा डिझाइनवाला. चौकटीच्या मोठ्या कागदावर तांबड्या शाईनं एकेक घर भरत तो मोर काढी, मग त्यावरून पुठ्ठ्याला भोकं पडत आणि मोर मागावर चढे. त्याच्या मांडीला मांडी लावून अक्का शिकली. लग्न होऊन शंकरप्पाच्या घरी आली तेव्हा सासूनं सुनावलं होतं, आमच्यात बायका सुताच्या कांड्या भरतात, मोर काढत नाहीत. अक्कानं मान खाली घातली आणि कांड्या भरल्या. पुढं सासू श्रीशैलला निघाली, तेव्हा तिला पांघरायला घरच्या मागावरची नवी चादर मिळाली. मोर किती देखणा उतरलाय हे सासूनं आधी सगळ्या गल्लीला दाखवलं. दाखवून झाल्यावर मगच अक्कानं तो कोणाच्या हातचा ते सांगितलं.

पुठ्ठे गेले आणि मागाला कॉम्प्युटरवरून डिझाइन द्यायचे दिवस आले, तेव्हा अक्काचे केस पिकायला लागले होते. लेकीच्या वयाच्या मुलींच्या बाकावर बसून ती तेही शिकली. तेव्हापासून खाली शंकरप्पाचे माग आणि वर माडीवर अक्काचा कॉम्प्युटर, असा संसार चालू आहे. शंकरप्पा गरीब स्वभावाचा. त्याचा एक आवडता कानडी शब्द आहे, ‘बिडु’, म्हणजे सोडून दे. तो शब्द त्यानं बायकोपुढं जन्मभर वापरला आणि जन्मभर वाया घालवला.

गाढवाची गोष्ट तर पेठेत अजून सांगतात. बाहेरगावचा एक व्यापारी अक्काला म्हणाला होता, फुलं-पानं काय, कोणीही काढतं, त्याचं एवढं कौतुक कशाला. अक्का हसली आणि त्याला झकास वेलबुट्टी काढून दिली. त्यानं ती चादर कित्येक हंगाम विकली, लेकीच्या लग्नात व्याह्यांना आहेर म्हणून पांघरवली. एक दिवस व्याह्यांच्याच घरी कोणीतरी चादर उलटी धरली आणि किनारीच्या वेलीत पानापानाआड एक छोटं गाढव कान टवकारून उभं असलेलं दिसलं. व्यापारी तणतणत आला. अक्का शांतपणे म्हणाली, “फुलं-पानं कोणीबी काढतंय. गाढव मातर समोर बसल्याबिगर काढता येत न्हाय.”

अशा बाईला विरुपाक्षानं फसवलं. त्याचं धाडस म्हणा, की त्याचे दिवस भरले होते म्हणा.

विरुपाक्ष पेठेतलाच. त्याचा बाप चनमल्लप्पा याचं एके काळी गल्लीच्या टोकाला मागांचं शेड होतं. शेड बसलं, माग भंगारात गेले, आणि पोरानं नव्या पेठेत काचेच्या दाराचं कॉम्प्युटरचं दुकान टाकलं. अक्काचा कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा ती आपला माणूस म्हणून त्याच्याकडेच गेली. एसएमपीएस जळाला होता. एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला लोखंडी डबा, भिंतीतली वीज घेऊन आतल्या प्रत्येक भागाला त्याच्या मापानं वाढणारा. पंगतीत वाढप्यानंच हात आखडला तर पानं रिकामी राहतात, तसं ह्या डब्यात दम नसेल तर बाकी कॉम्प्युटर कितीही चांगला असो, उपाशी मरतो.

विरुपाक्षानं काचेवर दोन डबे मांडले. एक हलका, महागातला. दुसरा साधा. हलक्या डब्यावर बोट ठेवून तो काहीतरी सांगू लागला होता, पण अक्कानं ते ऐकलंच नाही. तिनं पेठेत जे सगळे करतात ते केलं. दोन्ही तळहात पुढं केले, एकेका हातावर एकेक डबा ठेवायला लावला आणि क्षणभर डोळे मिटले. पेठेत चादर अशीच घेतात. लेबल वाचत बसत नाहीत, तळहाताला विचारतात. साधा डबा चांगला भरदार लागला. अक्कानं तो पिशवीत टाकला आणि विरुपाक्ष जे सांगणार होता ते गिळून गप्प बसला.

आता पेठेतलं वजन हाही एक प्रकारच आहे. चादरीला सुताचं वजन असतं, तसं खळीचं, म्हणजे कांजीचंही असतं. खळ जरा सढळ हातानं दिली की चादर कडक, भरदार लागते. पहिल्या धुण्यात ती खळ पाण्याबरोबर मोरीत जाते आणि चादर अंग टाकते. सगळेच असं करत नाहीत, पण शंकरप्पा करी. त्याला तो खोटेपणा वाटत नसे. गिऱ्हाइकाला जड पाहिजे, आपण जड देतो, एवढा सरळ हिशेब. अक्कालाही त्यात कधी काही वावगं दिसलं नव्हतं. घरातला वास घरच्यांना येत नाही.

नवा डबा बसवला आणि काही महिन्यांत कॉम्प्युटरला झटके येऊ लागले. साधं काम असलं की नीट चाले. पण मोठं डिझाइन पुरं होत आलं, ते मागाच्या भाषेत उतरवायची वेळ आली की पडदा काळा होई आणि मशीन आपोआप पुन्हा सुरू होई. अक्कानं रंगवलेला अर्धा मोर हवेत. विरुपाक्षाला बोलावलं की दर वेळी नवं कारण निघे. आधी म्हणाला सॉफ्टवेअर बिघडलं, मग म्हणाला मेमरी गेली, मग म्हणाला धूळ. अक्का प्रत्येक वेळी त्याचं ऐकत गेली. शेवटी तो म्हणाला, तुमच्या घरची लाइटच खराब आहे, खाली माग सुरू झाले की दाब पडतो, त्याला मी काय करू.

ती दुकानात जाब विचारायला गेली. दुकान भरलेलं होतं. विरुपाक्षानं खुर्चीतून न उठता, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “अक्का, तुमाला तराजू कळतोय, करंट न्हाय. तुमी आपली चादर तोलत बसा की.”

गिऱ्हाइकं हसली. त्यात दोघेतिघे पेठेतलेच होते. अक्का बाहेर आली. घरी पोचली, पाणी प्याली, माडी चढली. ती बोलत नाही हे पाहून शंकरप्पानं माग थांबवला, कारण आरडाओरडा करणाऱ्या अक्काला तो घाबरत नसे, गप्प बसलेल्या अक्काला घाबरे.

आणि वेळ तर अशी नाजूक. बसव जयंतीला पेठेतलं मंडळ गुणवंतांचा सत्कार करतं. यंदा सत्काराच्या चादरी खास, नव्या डिझाइनच्या काढायच्या ठरल्या होत्या आणि काम शंकरप्पाच्या मागांना मिळालं होतं ते केवळ अक्काच्या नावावर. नंदी, त्याच्या भोवती बेलपानांची किनार. बापाच्या हाताखाली शिकल्यापासून आजवर तिच्या डिझाइनसाठी कोणी कधी खोळंबून राहिलं नव्हतं. नंदीचं तोंड झालं की मशीन बंद पडे, शेपूट झालं की बंद पडे. मंडळाची माणसं दोनदा विचारून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा, जमत नसेल तर दुसरीकडे देऊ, असं हळूच सुचवून गेली. त्याच माणसांनी जाताजाता सांगितलं की यंदाच्या सत्कारमूर्तींत विरुपाक्ष आहे. पेठेचं नाव काढणारा तरुण उद्योजक म्हणून.

म्हणजे ज्यानं तिचं मशीन मारलं त्याच्या खांद्यावर घालायची चादर तिनंच काढायची, आणि ती निघाली नाही तर जन्माची अब्रू जायची तीही तिचीच. 

डबा उघडायची कल्पना शंकरप्पाची. मागाच्या मोटारी दुरुस्त करून त्याचा हात तयार झालेला. विरुपाक्ष लाइटला दोष देतो तर डब्यात तरी काय आहे बघू, म्हणाला. पोटात करंट साठून राहतो म्हणून त्यानं डबा काढून दोन दिवस नुसता बाजूला ठेवला. मग दुपारी, माग बंद असताना, अंगणात पोत्यावर बसून स्क्रू काढले. झाकण निघालं. आत मोजक्या तारा, बोटाएवढे दोन-तीन भाग आणि खूप रिकामी जागा. त्या रिकाम्या जागेत, गोंदानं घट्ट चिकटवलेली, तळहाताएवढी लोखंडी चकती.

ती चकती ओळखायला शंकरप्पाला चष्मा लागला नाही. मागाच्या पाठीमागं सुताचा बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला रूळ, ताणून धरायला दोरीला वजनं लटकवतात, त्यातलं ते एक. दोरी अडकवायची खाचसुद्धा तशीच होती. पेठेत शेजाऱ्यांकडून वजनं उसनी नेतात-आणतात, म्हणून प्रत्येक शेडनं आपल्या वजनांना आपला रंग दिलेला असे. शंकरप्पाच्या घरचा पिवळा. ह्या चकतीच्या कडेला जुना हिरवा ऑइलपेंट होता.

हिरवा चनमल्लप्पाचा. पेठेत दुसऱ्या कोणाचा नाही.

कारखान्यात चूक झाली, कंपनीनं फसवलं, मलाही वरून असंच आलं, असली एकही पळवाट विरुपाक्षाला उरली नाही. बापाच्या मेलेल्या मागांची वजनं काढून पोरानं पोकळ डब्यांत भरली होती, पेठेतली माणसं तळहातावर तोलतात हे ठाऊक असल्यामुळं. आणि ज्या तळहाताला त्यानं गंडवलं, त्याच तळहाताला चारचौघांत हसला. अक्का चकती हातात धरून बसून राहिली. तिला रडू आलं नाही. तिला त्याच्या दुकानाची काच डोळ्यांपुढं दिसत होती, आणि त्या काचेतून आरपार जाणारी चकती.

शंकरप्पा म्हणाला, “बिडु.”

“सोडीन की,” अक्का म्हणाली. “आदी धरू तरी द्या.”

मग तिनं सूड कसा घ्यायचा ते शांत डोक्यानं निवडायला घेतलं, जसं आपण कोथिंबीर निवडतो. दुकानात जाऊन बोंब मारावी? चार लोक जमतील, संध्याकाळपर्यंत विसरतील. तक्रार करावी? तारखा पडत राहतील आणि राग शिळा होईल. चादरीत गाढव काढावं? हात शिवशिवत होते, पण त्याच चादरी म्हाताऱ्या गुरुजींच्या खांद्यावरही पडणार होत्या, शाळेत पहिल्या आलेल्या मुलीच्याही. एकाच्या पापापायी सगळ्यांच्या अंगावर गाढव घालणं तिला पटेना. नंदी नंदीच राहू दे, ती म्हणाली. विरुपाक्षासाठी वेगळं काहीतरी करू.

पण त्याआधी नंदी पुरा व्हायला हवा होता आणि त्यासाठी दमदार डबा. सोलापुरात तो घ्यायचा नव्हता. इथले दुकानदार एका टपरीवर चहा पितात. अक्का एका दुकानाची पायरी चढली की ती घरी पोचायच्या आत विरुपाक्षाला कळलं असतं की तिनं डबा बदलला, म्हणजे जुना उघडला. शिकार सावध झाली असती. म्हणून ती एसटीत बसून मोहोळला गेली.

मोहोळला बिरुदेव नावाच्या धनगराच्या पोरानं स्टँडजवळ दुकान टाकलं होतं. घरी अजून मेंढरं होती, आणि तो बोलायचाही मेंढरांच्या बाजारात बोलतात तसा, घाई न करता. अक्कानं दुखणं सांगितलं. त्यानं दोन-तीन डबे पुढं मांडले. अक्काचे तळहात आपोआप पुढं आले. डोळे मिटले आणि जड डब्याकडं मन झुकलंच. हाडाची सवय, ती एका चकतीनं थोडीच मोडते.

बिरुदेव हसला नाही. म्हणाला, “मावशी, बाजाराच्या दिशी मेंढराला मीठ चारून पानी पाजत्यात. पोट फुगतंय, गिऱ्हाईक फसतंय. म्हनून आमी पोट बगत न्हाय, पाठीच्या कण्यावरनं हात फिरवतो.”

आणि त्यानं डब्याचा कणा कुठं असतो ते दाखवलं. पुठ्ठ्याच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत जो आकडा असतो तो क्षणभराच्या उसन्या जोराचा असू शकतो. खरा आकडा बाजूच्या बारीक तक्त्यात, बारा व्होल्टच्या घरात, कारण मशीनचं जड काम त्याच तारेवर चालतं. तो आकडा दिवसभर टिकणारा आहे का ते बघायचं. घरात माग असतील तर दाब पडला तरी तग धरणारा डबा हवा, आणि काही बिघडलं तर स्वतः बंद होऊन बाकीच्यांना वाचवणारा. तारा जाड आहेत का, बिलावर किती वर्षांची हमी लिहून मिळते, हे विचारायचं. “जड म्हंजे वाईट आसं बी न्हाय,” तो म्हणाला. “पर वजन समद्यात शेवटी बगायचं.”

अक्कानं तक्ता वाचला. चष्मा वर-खाली करत तिन्ही डब्यांचे वाचले. कण्याच्या बाबतीत सगळ्यांत सरस निघाला तो नेमका हलका डबा. त्यावरचं नाव तिला ओळखीचं वाटलं. विरुपाक्षानं काचेवर बोट ठेवलं होतं तो डबा याच जातीचा. क्षणभर तिच्या मनात काहीतरी चुकचुकलं, पण रागापुढं तिनं त्याला उभं राहू दिलं नाही. चांगला डबा ठाऊक असून ज्यानं भरलेला डबा पिशवीत जाऊ दिला तो तर दुप्पट चोर, असा तिनं निकाल लावला. तो हलका डबा मांडीवर घेऊन ती परतली, पण सगळ्या वाटेत तळहात कुरकुरत राहिला.

परीक्षा घ्यायची तीही अक्कानं आपल्या पद्धतीनं घेतली. शंकरप्पानं डबा बसवला. तिनं वर डिझाइन मागाच्या भाषेत उतरवायला लावलं आणि जिन्यातून खाली ओरडून सगळे माग एकदम सुरू करायला सांगितले. शंकरप्पा म्हणाला, एकदम नको. ती म्हणाली, एकदमच. माग धडाडले. माडीवरचा दिवा मंदावला, पंख्याची पाती मोजता येतील इतकी सावकाश फिरू लागली. अक्का पडद्यासमोर मुठी आवळून उभी. नंदीचं तोंड उतरलं, वशिंड उतरलं, शेपूट उतरलं, बेलपानांची किनार पुरी झाली. पडद्याची पापणीसुद्धा लवली नाही. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा तिच्या छातीवरचं ओझं उतरलं आणि ती खुर्चीत बसून मनापासून हसली. खाली शंकरप्पाला वाटलं, आता ही निवली.

ती निवली नव्हती. आता तिला विरुपाक्षासाठी मोकळा वेळ मिळाला होता.

चादरी विणून निघाल्या. शंकरप्पानं विचारलं, खळ किती देऊ? अक्काचं चित्त दुसरीकडेच होतं. सत्काराच्या आहेत, खांद्यावर भरदार बसायला पाहिजेत, जरा जास्तच द्या, ती म्हणाली. त्यानं दिली. मंडळाच्या माणसांनी चादरी तळहातावर तोलल्या, डोळे मिटले आणि खूश झाले. त्या खुशीत अक्कानं एक मागणं मागून घेतलं. चादर मंडळाचे अध्यक्ष रुद्रप्पा पांघरवतील, श्रीफळ मात्र माझ्या हातनं जाऊ दे. चादर जिच्या हातची तिचाही मान राहील. मंडळाला त्यात काय अडचण असणार.

जयंतीच्या संध्याकाळी मांडव भरला होता. पहिले गुरुजी झाले, मग शाळेतली मुलगी. तिसरं नाव विरुपाक्षाचं. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, कपाळावर विभूतीचे पट्टे. निवेदकानं त्याच्या कष्टांचं आणि सचोटीचं कौतुक केलं. सचोटी हा शब्द आला तेव्हा अक्काला इतकं बरं वाटलं की तिनं निवेदकाला मनातल्या मनात आशीर्वाद दिला. रुद्रप्पांनी नंदीची चादर विरुपाक्षाच्या खांद्यांवर घातली. अक्का पुढं झाली. नव्या नॅपकिनात बांधलेलं श्रीफळ तिनं दोन्ही हातांनी त्याच्या हातांत ठेवलं आणि आपले हात काढून घेतले.

त्याचे हात खाली गेले. नारळ कधी एवढा जड नसतो. नारळाखाली चकती बांधली होती. शेवटी मागवाल्याचंच पोर ते, वजन तळहाताला टेकताच त्याचा चेहरा बदलला. अंगठा कापडावरून सरकला, दोरीच्या खाचेत जाऊन बसला आणि तिथंच थांबला. मांडवातली माणसं टाळ्या वाजवत होती. फोटोवाला म्हणत होता, साहेब, जरा वर धरा, हसा. विरुपाक्षानं बापाचं वजन छातीपर्यंत उचललं आणि हसला. 

अक्का त्याच्या कानाशी वाकली. “तोलून बग, विरू. जड हाय न्हवं?”

या एका वाक्यासाठी ती इतके दिवस जगली होती. तिला वाटलं होतं तो खाली बघेल, घाम पुसेल, हात जोडेल. त्यानं घाम पुसला नाही. नॅपकिन एका हातात सावरून त्यानं दुसऱ्या हातानं खांद्यावरच्या चादरीचा कोपरा धरला आणि अंगठा-बोटांत चोळला, अगदी चनमल्लप्पा चोळी तसा. बोटं तिच्यासमोर धरली. त्यावर पांढरी भुकटी होती.

“जड हाय की, अक्का,” तो हळू आवाजात म्हणाला. “आन ही चादर? खळ धुतल्यावर किती भरंल?”

गाढववाल्या व्यापाऱ्याला उत्तर देणारी अक्का, सासूला उत्तर देणारी अक्का, त्या भुकटीकडं बघत राहिली. निवेदकानं पुढचं नाव पुकारलं. ती बाजूला झाली.

 दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्यांतली एक चादर तिनं मोरीवर नेली, बडवून बडवून धुतली. पाणी दुधासारखं वाहिलं. सोलापूरच्या उन्हात चादर वाळायला कितीसा वेळ लागतो. वाळल्यावर तिनं ती तळहातावर घेतली, डोळे मिटले, तर चादर हाताला हलकी लागली. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण तिनं जन्मभर दुसऱ्यांना ऐकवली होती.

आता अक्काला पश्चात्ताप झाला असं मी लिहिलं तर पेठ मला हसेल. तसलं काही झालं नाही. तिचा सगळा जाळ एवढ्याच गोष्टीचा होता की विरुपाक्षाच्या हाती तिच्याविरुद्ध हत्यार राहिलं, आणि ते तिच्याच घरानं घडवून दिलं. ती खाली उतरली आणि शंकरप्पाला म्हणाली, खळ आजपासून सूत विणायला लागते तेवढीच, तीही धुऊन काढायची. वजन पाहिजे तर सूत जास्त घालू, वीण घट्ट करू.

“गिऱ्हाईक हाताला हलकी लागली म्हनून ठिवून दील की,” शंकरप्पा म्हणाला.

“ठिवू द्या. पर त्या विरूला बोलायला जागा ठेवणार न्हाय मी.”

गिऱ्हाइकं खरोखर चादरी तोलून ठेवून देऊ लागली. दोन जुने व्यापारी तुटले. शंकरप्पा बिडु बिडु म्हणून थकला. अक्कानं घट्ट विणीचं नवं डिझाइन काढलं, दिवस दिवस मशीन चालवलं, आणि हलका डबा एकदाही डगमगला नाही. कोणी धर्मापायी खरेपणानं वागतात, कोणी भीतीपायी वागतात. अक्का सूड म्हणून वागली, आणि सूड असल्यामुळं तिनं त्यात तसूभर कसर ठेवली नाही. नव्या विणीची पहिली चादर तिनं धुतली, वाळवली, घडी घातली आणि विरुपाक्षाच्या दुकानात धाडून दिली. सोबत निरोप: धुतलेली हाय, आता तोल.

चादर परत आली नाही. काही दिवसांनी भर दुपारी विरुपाक्षच दारात आला. हातात नॅपकिन होता, अक्काचाच, धुऊन इस्त्री केलेला. त्यात चकती.

“ह्ये तुमचं,” तो म्हणाला.

“माजं न्हाय. तुज्या बापाचं हाय.”

तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. म्हणाला, दुकानातले तसले डबे काढून टाकले, ज्यांना दिले त्यांना बदलून देतोय. आमचे माग तर राहिले नाहीत, हे वजन तुमच्या मागाला लावा. अक्कानं हात पुढं करून चकती घेतली, सवयीनं क्षणभर तोलली आणि शंकरप्पाकडं दिली. त्यानं ती कोपऱ्यातल्या मागाच्या पाठीमागं, सैल पडणाऱ्या बीमच्या दोरीला अडकवली. पिवळ्या वजनांच्या ओळीत ती हिरवी एकटीच दिसू लागली.

दारात आलेल्याला ताक न देता पाठवायचं, हे अक्काला जमण्यासारखं नव्हतं. ती आत गेली, तांब्याभर ताक घुसळून आणलं आणि विरुपाक्षाच्या हातात दिलं. त्यात मीठ मात्र घातलं नव्हतं, तेवढा डूख तिनं राखून ठेवला होता. पहिल्या घोटाला त्यानं तिच्याकडं पाहिलं. मग सगळं ताक पिऊन टाकलं आणि तांब्या उंबऱ्यावर ठेवला.